एटीआरवर नोकरी मिळतेय, घ्यावी का? तासगावच्या एका वडिलांना उत्तर

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय: मुलीचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) झालं, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगही झालं. दीड-दोन वर्षं मोठ्या कंपन्यांच्या भरतीची वाट बघण्यात गेली. आता एक छोटी प्रादेशिक विमान कंपनी तिला एटीआर-७२ या पंख्याच्या प्रवासी विमानावर को-पायलट म्हणून घ्यायला तयार आहे, पण टाइप रेटिंगचा (त्या विमानासाठीच्या खास प्रशिक्षणाचा) खर्च आपला आणि वर पाच वर्षांचा बाँड, म्हणजे तेवढी वर्षं नोकरी न सोडण्याचा करार. पगार खरंच किती हातात पडतो, काम कसं असतं, पंख्याच्या विमानावर गेलेल्याला पुढं जेट मिळतं का, आणि यासाठी बागेचा तुकडा विकावा का?

दादा, मी मिरजेचा. टर्बोप्रॉपवरच, म्हणजे अशाच पंख्याच्या विमानावर, को-पायलट म्हणून लागलो, त्याच विमानावर कॅप्टन झालो आणि आता नव्या मुलामुलींना लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण, देतो. तुमच्यासारखी घरं मी जवळून बघितली आहेत, म्हणून आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. एटीआरची नोकरी चांगली आहे, लेकीनं ती करावी. पण तुम्ही लिहिलेल्या अटींवर करू नये. रेटिंगचे पैसेही तुमचे आणि बाँडही तुमच्यावर, हे दोन्ही एकाच वेळी मान्य करायचं काही कारण नाही.

पगारापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच आहे. लोक ऐकतात तो चार-पाच लाखांचा आकडा कॅप्टनचा असतो, तोही बहुतेक वेळा जेटवरच्या. प्रादेशिक कंपनीत ट्रेनी असताना कुठं चाळीस-पन्नास हजार, कुठं लाखाच्या आत-बाहेर मिळतात. लाइन ट्रेनिंग संपून पूर्ण को-पायलट झाल्यावर साधारण सव्वा ते दोन लाखांच्या दरम्यान. एटीआरच्या कॅप्टनला तीन ते पाच लाखांच्या दरम्यान. कंपनीगणिक फरक पडतो आणि हे सगळे आकडे कर कापायच्या आधीचे आहेत.

आता त्या सव्वा ते दोन लाखांच्या आत बघू. पायलटच्या पगाराचे दोन भाग असतात. एक ठरलेला, ज्यात अमुक इतक्या उड्डाण तासांची हमी असते. दुसरा, त्या तासांच्या वर उडवलेल्या प्रत्येक तासाचा. तुमच्या भाषेत सांगायचं तर पहिला भाग उसाच्या एफआरपीसारखा (सरकारनं ठरवलेल्या किमान दरासारखा) आहे आणि दुसरा कारखाना वर जे काही देईल त्यासारखा. घराचा हिशेब एफआरपीवर मांडतात, वरच्या पैशावर नाही. इथंही तेच करा. समजा करारात महिन्याला ६० तासांची हमी आहे आणि वरच्या तासाला दोन हजार. ८० तास झाले तर ४० हजार जास्त, ५० च झाले तरी मूळ पगार शाबूत. पण हमीच नसेल आणि सगळा पैसा तासावर असेल, तर ५० तासांच्या महिन्यात लेकीच्या खिशाला थेट कात्री लागते. आणि छोट्या कंपनीत असे महिने येतात. तीन-चार विमानं असलेल्या कंपनीचं एक विमान मोठ्या तपासणीला हँगरमध्ये गेलं किंवा सुटा भाग नाही म्हणून उभं राहिलं, की सगळ्याच पायलटांचे तास घसरतात. पावसाळ्यात फेऱ्या रद्द होतात, त्याचे तास तर कुणीच भरून देत नाही. म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न ‘पगार किती’ असा न विचारता ‘हमीचे तास किती, आणि विमान जमिनीवर असलं तरी ते मिळतात का’ असा विचारायला सांगा. उत्तर करारात लिहिलेलं दिसलं पाहिजे.

या तासांमध्ये टर्बोप्रॉपवाल्याचं एक मोठं नुकसान आहे, ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. तास मोजतात तो ब्लॉक टाइम, म्हणजे चाकाखालचे चोक काढून विमान हललं तिथपासून पुन्हा चोक लागेपर्यंत. मुंबई-दिल्ली करणारा एअरबसवाला एका दिशेला सव्वादोन तास घेतो. गेला-आला, की दोन लँडिंगमध्ये साडेचार तास जमा. एटीआर हैदराबादहून कोल्हापूरला सव्वा-दीड तासात पोचतं, काही मार्ग तर तासाभराचेही नाहीत. तेवढेच साडेचार तास भरायला आम्हाला तीन-चार सेक्टर, म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावरच्या फेऱ्या, करावे लागतात. प्रत्येक सेक्टरला वेगळं हवामान, वेगळं इंधन, वेगळं वजनाचं गणित, वेगळं ब्रीफिंग, एक टेकऑफ आणि एक लँडिंग. मधल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या थांब्यांत खरं तर सगळ्यात जास्त धावपळ असते, आणि त्यांचा तासाच्या हिशेबात एक रुपयाही येत नाही. काही कंपन्या सेक्टरमागे किंवा लँडिंगमागे भत्ता देतात. मिळत असेल तर तासाच्या दरात थोडं कमी चालेल, पण लँडिंगचा भत्ता सोडू नका. माझ्या मते प्रादेशिक पायलटच्या मेहनतीचं तेच खरं माप आहे.

काम कसं असतं ते एका दिवसावरून सांगतो. सकाळी सहाचं उड्डाण असलं की पाचच्या सुमाराला रिपोर्टिंग, म्हणजे तीन-साडेतीनला उठायचं. आधी ब्रेथ अ‍ॅनालायझर. दारूचा प्रश्न सोडाच, अल्कोहोल असलेला माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तरी यंत्र बोंब मारू शकतं, आणि पहिल्यांदा दोषी ठरलं तरी लायसन्स तीन महिने निलंबित होतं. मग हवामानाचे कागद, नोटॅम (विमानतळ-मार्गांबद्दलच्या पायलटांसाठीच्या सूचना), इंधन. मग टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी: पंख्याची पाती, पंखांच्या पुढच्या कडेवरचे बर्फ फोडणारे रबरी बूट, टायर, कुठं तेल गळतंय का.

एटीआरला एपीयू नसतं. एपीयू म्हणजे मोठ्या विमानांच्या शेपटीत असतं ते छोटं इंजिन, जमिनीवर असताना वीज आणि थंड हवा देणारं. आम्ही उजवं इंजिन चालू ठेवतो आणि त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतो. याला हॉटेल मोड म्हणतात. पण वारा मागून जोरात असेल किंवा त्या विमानतळावर परवानगी नसेल, तर बाहेरच्या जनरेटरवर राहायचं आणि कॉकपिट तापत जातं. एप्रिलमध्ये जळगाव-सोलापूरच्या डांबरावर दुपारी अर्धा तास उभं राहिलं की शर्ट अंगाला चिकटतो. त्याच शर्टात तासाभरानं बेंगळुरूच्या ढगात शिरायचं.

लेकीसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ही तिला मुलाखतीत कुणी सांगणार नाही. एटीआरमध्ये कॉकपिट आणि प्रवाशांच्या मधे सामानाचा कप्पा असतो, आणि टॉयलेट बहुतेक विमानांत अगदी मागच्या टोकाला. प्रवासी चढतात-उतरतात तेही मागच्याच दारानं. थांबा पंचवीस मिनिटांचा, त्यातली पंधरा मिनिटं दारात गर्दी. त्यामुळं बऱ्याच मुली पाणी पिणंच कमी करतात. हे फार वाईट आहे. उन्हाळ्यात चार सेक्टर अशा तहानेत केले की मूतखड्याला आमंत्रण, आणि मूतखडा सापडला की क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटचं आरोग्य प्रमाणपत्र, अडकतं. खडा निघून गेल्याचे रिपोर्ट येईपर्यंत उड्डाण बंद, तास बंद. माझ्याबरोबर उडणाऱ्या मुलींना मी स्पष्ट सांगतो की थांब्यावर पहिल्यांदा तुम्ही जाऊन या, कागद मी बघतो. दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ दे. तिचा कॅप्टन असं म्हणणारा नसला, तर तिनं स्वतः म्हणायला शिकावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

या कामाचं सुखही सांगायला पाहिजे. छोटे विमानतळ बहुतेक संध्याकाळी बंद होतात, म्हणून एटीआरच्या पायलटला रात्रभर जागायची वेळ क्वचित येते. जेटवाल्यांची रात्री दोन-तीनची लँडिंगं आपल्या वाट्याला फारशी नाहीत. आणि विमान उडवायचं सुख इथं भरपूर. एटीआरला ऑटोथ्रॉटल नसतं, पॉवर हातानं लावावी लागते. अनेक ठिकाणी आयएलएस, म्हणजे ढगातून धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा, नसतं. जुलैत कोल्हापूरला उतरताना ढग पंचगंगेच्या पाण्यावर टेकल्यासारखे असतात. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं, धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही दिसली तर वर जायचं. दोन पावसाळे असे काढलेली मुलगी पुढं कुठल्याही विमानावर गेली तरी तिचे हात बोलतात. ट्रेनर म्हणून हे मी खात्रीनं सांगतो.

पण त्याच पावसाळ्यात थकव्याचा प्रश्न येतो, आणि त्यावर मला सविस्तर बोलायचंय.

डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचे, नियम कागदावर चांगले आहेत. सात दिवसांत ३५ तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही, वर्षात १००० पेक्षा जास्त नाही. लँडिंग वाढतील तशी ड्यूटीची कमाल मुदत कमी होत जाते. जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची व्याख्या सकाळी सहापर्यंत वाढवली. कंपन्यांनी विरोध केला, पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढल्या, तेव्हा कुठं ते जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. नव्या नियमांना पुरतील इतक्या पायलटांचं नियोजन झालं नव्हतं, आणि शेवटी रात्रीच्या ड्यूटीच्या काही अटींतून इंडिगोला तात्पुरती सूट द्यावी लागली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीची ही गत होते, तर चाळीस-पन्नास पायलटांवर चालणाऱ्या कंपनीचं वेळापत्रक किती ताणलेलं असेल याचा विचार करा.

ताण प्रत्यक्षात असा येतो. कोल्हापुरात ढग खाली आले, दोन घिरट्या मारल्या आणि बेळगाव किंवा गोव्याला वळलो. तिथं इंधन भरायला वेळ, प्रवासी चिडलेले. ड्यूटीचं घड्याळ चालूच. अनपेक्षित अडचण आली तर ड्यूटी थोडी वाढवायचा अधिकार कॅप्टनला आहे. फक्त कॅप्टनला. पण ऑपरेशन्सचा फोन येतो, ‘सर, एवढा सेक्टर करून टाका ना, बदली क्रू नाही.’ त्या फोनला कॅप्टन काय उत्तर देतो, यावर को-पायलटचा दिवस ठरतो. लेकीला सांगा, तिला झोप अनावर होत असेल तर तिनं कॅप्टनला तोंडावर सांगायचं आणि नंतर लेखी फटीग रिपोर्ट द्यायचा. तिचं नाव दोन दिवस ऑफिसमध्ये चर्चेत राहील, पुढचं रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) थोडं वाकडं येईल. येऊ दे. कॉकपिटमध्ये दोन माणसं ठेवलेली असतात ती याचसाठी.

पगार आणि थकवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं घरच्यांना वाटतं. त्या एकच आहेत, आणि याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण टर्बोप्रॉपचंच आहे. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू-४०० हे पंख्याचं विमान कोसळलं, ५० माणसं गेली. तपासात मूळ कारण निघालं ते कॅप्टननं स्टॉलच्या (पंख विमान उचलून धरेनासे होण्याच्या) इशाऱ्यावर केलेली उलटी कृती. पण तपास मंडळाच्या सुनावणीत दुसरीही गोष्ट बाहेर आली. को-पायलट मुलगी पश्चिम किनाऱ्यावर सिअ‍ॅटलजवळ आईवडिलांकडे राहायची, आणि नोकरीचा बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, देशाच्या दुसऱ्या टोकाला नेवार्कला. रात्रभर दुसऱ्या विमानांनी प्रवास करून ती ड्यूटीवर आली होती. तिची वर्षाची कमाई पंचवीस हजार डॉलरसुद्धा नव्हती, त्यात बेसवर घर भाड्यानं घेणं परवडण्यासारखं नव्हतं. यानंतर अमेरिकेनं को-पायलटलाही १५०० तासांची अट घातली, विश्रांतीचे नियम बदलले, आणि पुढं पायलट मिळेनासे झाले तेव्हा प्रादेशिक कंपन्यांना पगार कितीतरी पटींनी वाढवावे लागले.

आपल्याकडं १५०० तासांची अट को-पायलटला नाही, २०० तासांच्या सीपीएलवर एटीआरच्या उजव्या सीटवर बसता येतं. म्हणून तिच्या राहण्याचा खर्च आत्ताच धरा. सांगलीला बेस नाही, कोल्हापूरलाही एटीआरवाले येऊन अर्ध्या तासात परत जातात. कवलापूरची धावपट्टी सुरू व्हायची तेव्हा होईल, आणि कराडची आज आहे तेवढ्या लांबीत भरलेल्या एटीआरला पुरत नाही. बेस हैदराबाद, बेंगळुरू, गोवा असा कुठंतरी असणार. विमानतळापासून अर्ध्या-पाऊण तासात चांगली खोली, जिथं दुपारीही शांत झोपता येईल, हा या नोकरीतला चैनीचा खर्च धरू नका. सुट्टीला घरी यावं, पण ड्यूटीच्या आदल्या रात्री मिरजेहून प्रवास करून सकाळी उडायला जाणं ही सवय तिला लागू देऊ नका. विश्रांतीचे तास कंपनीनं दिले, तरी त्या वेळात झोपणं ही पायलटची जबाबदारी असते.

आता कर्ज. तुम्ही सीपीएलसाठी तीस लाख कर्ज घेतल्याचं लिहिलंय. ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ४१ हजार हप्ता. टाइप रेटिंगसाठी आणखी वीस लाख त्याच दरानं काढले, तर दोन्ही मिळून ६९ हजारांच्या आसपास. ट्रेनीचा पगार साठ हजार, बेसवर भाडं-जेवण पंचवीस-तीस हजार. म्हणजे पहिलं वर्ष घरूनच पैसे जाणार. को-पायलट झाल्यावर हातात लाख-सव्वा लाख येतील, त्यातला मोठा भाग हप्त्यात. कॅप्टनच्या पगारावर हिशेब मांडून कर्ज काढलेली कुटुंबं मी बघितली आहेत. मुलगा चांगला उडवत होता, पण कमांड, म्हणजे कॅप्टनपद, दोन वर्षं लांबली आणि घरात भांडणं सुरू झाली.

रेटिंगच्या पैशापेक्षाही मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. टाइप रेटिंग म्हणजे ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, परीक्षा आणि प्रत्यक्ष विमानावर काही टेकऑफ-लँडिंग. त्यानंतर लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रशिक्षक कॅप्टनबरोबर खऱ्या प्रवाशांना घेऊन उडायचं. लायसन्सवर एटीआर लिहिलं गेलं पण लाइन ट्रेनिंग मिळालंच नाही, अशी मुलं आहेत. पैसे घेतले गेले, विमान यायला उशीर झाला, प्रशिक्षक कमी पडले. वर्षभर न उडता रेटिंग नुसतं कागदावर राहतं आणि पुन्हा सिम्युलेटरचा खर्च उभा राहतो. त्यामुळं रेटिंगला पैसे भरायच्या आधी नेमणूकपत्र हातात हवं, त्यात लाइन ट्रेनिंग किती महिन्यांत सुरू होईल ते लिहिलेलं हवं, आणि तोवर काय मानधन मिळेल तेही. पैसे थेट प्रशिक्षण संस्थेच्या खात्यावर, हप्त्याहप्त्यानं. कुणा मध्यस्थाच्या खात्यावर एक रुपया नको.

बाँडबद्दल माझं मत ठाम आहे. कंपनीनं रेटिंगचा खर्च केला, तर तिला तो वसूल होईपर्यंत माणूस टिकावा असं वाटणं रास्त आहे. तीन-चार वर्षांचा बाँड, दर वर्षी रक्कम कमी होत जाणारा, हा व्यवहार मला मान्य आहे. पण खर्च तुम्ही केला तर बाँड कशाचा? माणूस अचानक सोडून जाऊ नये याची सोय डीजीसीएनं आधीच केलेली आहे: २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते, आणि जुन्या कंपनीच्या ना हरकत पत्राशिवाय दुसरीकडं उडता येत नाही. एवढं कंपनीला पुरे आहे. बाँडसोबत कोरे चेक मागितले तर देऊ नका. ते कलम १३८ चं, म्हणजे चेक न वटल्याच्या खटल्याचं, हत्यार होतं. करार सहीआधी सांगलीतल्या एखाद्या चांगल्या वकिलाला दाखवा. कंपनीनं कामावरून काढलं, कंपनी बंद पडली, किंवा मेडिकल गेलं, तर बाँड आपोआप संपतो का, हे तीन प्रश्न त्याला विचारा. पगार दोन महिने थकला तर बाँड रद्द, अशी ओळ घालून घेता आली तर उत्तम.

पगार थकण्याची गोष्ट मी उगाच काढत नाही. किंगफिशर २०१२ ला बंद पडली तेव्हा पायलटांचे कित्येक महिन्यांचे पगार बुडाले. जेट एअरवेज एप्रिल २०१९ ला थांबली. दोघींकडं एटीआर होती. कोल्हापूरला एटीआर उडवणारी ट्रुजेट फेब्रुवारी २०२२ ला थांबली. प्रादेशिक धंद्याचं अर्थकारण नाजूकच आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंगचं भाडं नाही, छोट्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी, म्हणून कंपन्या एटीआर घेतात. उडान या सरकारी प्रादेशिक विमानसेवा योजनेचा मार्ग मिळाला तर तीन वर्षं सरकारी अनुदान. ती तीन वर्षं संपली की कितीतरी मार्ग बंद पडतात, कारण तिकिटाच्या दरात खर्च भागत नाही. मार्ग गेला की विमान दुसऱ्या राज्यात जातं, आणि कधी बेसही हलतो. तेव्हा कंपनी तपासताना तिच्या जाहिराती बघू नका. तिथं आत्ता उडणाऱ्या को-पायलटला विचारा की पगार कुठल्या तारखेला येतो, गेल्या वर्षात ती तारीख सरकली का, कापलेला टीडीएस आयकर खात्याच्या २६एएस उताऱ्यात दिसतो का, पीएफ पासबुकात जमा होतो का. पगाराच्या आधी हे पैसे थकायला लागतात.

पुढं जेट मिळतं का? मिळतं. पंख्याचं विमान म्हणून हिणवणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. त्या पंख्यामागं टर्बाइन इंजिनच आहे, आणि कमी अंतरावर ते जेटपेक्षा कितीतरी कमी इंधन पितं. एटीआरचे तास पूर्ण धरले जातात. पण जेटवर गेल्यावर पुन्हा टाइप रेटिंग, पुन्हा को-पायलटची सीट आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळ. म्हणून माझा सल्ला असा की कमांड एटीआरवर घ्यावी आणि मग ठरवावं. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टनसाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सला, १५०० तास लागतात, कंपन्या कमांडला सहसा त्याहून बरेच जास्त मागतात. साधारण चार-पाच वर्षं धरा. एक अडचण आत्ताच लिहून ठेवा: एटीपीएलला रात्रीचे १०० तास लागतात, आणि दिवसाउजेडी उडणाऱ्या एटीआरवर ते फार हळू जमतात. एकूण तास पूर्ण आणि रात्रीचे अपुरे, म्हणून कमांड अडकलेली मुलं माझ्याकडं येतात. तिनं पहिल्या वर्षापासून लॉगबुकात रात्रीचा रकाना बघत जावा आणि रोस्टर विभागाकडं संध्याकाळचे सेक्टर मागून घ्यावेत. मागणाऱ्याला मिळतात.

मेडिकल ठरावीक मुदतीनं, सिम्युलेटरची परीक्षा दर सहा महिन्यांनी, हे निवृत्तीपर्यंत सुटत नाही. कंपनी लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे आजारपणानं लायसन्स गेलं तर भरपाई देणारा, विमा देते का बघा. देत नसेल तर स्वतः काढा, आणि कर्ज फिटेपर्यंत तरी तो चुकवू नका.

राहिला बागेचा प्रश्न. विकू नका. म्हैसाळ-ताकारी योजनांचं पाणी पोचलेली जमीन गेली की परत येत नाही, आणि ज्या कंपनीला तुमच्या वीस लाखांशिवाय को-पायलट परवडत नाही, तिच्या भरवशावर ती घालवू नये. कंपनीला लेखी कळवा: रेटिंगचा खर्च तुम्ही करा आणि तीन वर्षांचा कमी होत जाणारा बाँड घ्या, किंवा खर्च आम्ही करतो आणि बाँड नको. पहिल्या पर्यायात रेटिंगचे पैसे पगारातून हप्त्यानं कापायची तयारी दाखवा. बऱ्याचदा तिथं गाडी जुळते, कारण पायलट त्यांनाही हवाच असतो. नाहीच जुळलं, तर तिनं बारामती किंवा शिरपूरकडं एखाद्या प्रशिक्षण संस्थेत असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करायचा विचार करावा. पैसे थोडे मिळतात, पण लॉगबुक हलतं राहतं आणि घरी बसल्याचं वर्ष मुलाखतीत खुपत नाही. आणि उत्तराची वाट बघताना तिचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग कधी संपतंय ते आजच बघा. दोन महिन्यांत संपत असेल तर ते आधी नूतनीकरण करून घ्या. संपलेल्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर सिम्युलेटर चाचणीला कुणी बोलावत नाही.